फाल्यां, फालके आणि एकदाचे फाळके

गोव्यात फोंड्यातल्या एका ट्रॉफीच्या दुकानाबद्दल लिहिते आहे. नाव देत नाही. तक्रार माझ्या एकाच ऑर्डरची आहे आणि तेवढ्यासाठी कोणाच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही. पण सन्मानचिन्ह, मेमेंटो, शिल्ड असलं काही करून घ्यायला निघालेल्या माणसाला चार गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

आधी ऑर्डर कसली होती ते सांगते. आम्ही फोंड्याजवळच्या म्हार्दोळची पाचसहा माणसं, सगळी सिनेमावेडी, सगळी साठीच्या पुढची. तीन वर्षांपासून ३० एप्रिलला, म्हणजे दादासाहेब फाळक्यांच्या जन्मदिवशी, आम्ही एकाचा सत्कार करतो. अट एकच: जन्म सिनेमात गेलेला असावा आणि नाव कधी पडद्यावर आलेलं नसावं. पहिल्या वर्षी थिएटरबाहेरची पोस्टरं रंगवणारे एक जण झाले, दुसऱ्या वर्षी एक डोअरकीपर. शाल, नारळ, चहा, भजी आणि मग दोन तास जुन्या गोष्टी. यंदा पाळी होती ऑपरेटरमामांची. फोंड्यातल्या एका थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये त्यांची ३८ वर्षं गेली. तेव्हा आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, नारळ फुटतो, शाल कपाटात जाते, यंदा समोर ठेवता येईल असं काहीतरी देऊ या.

खऱ्या दादासाहेब फाळके पुरस्कारात सुवर्णकमळ असतं, शाल असते आणि रोख रक्कम. फाळक्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६९ साली तो सुरू झाला, पहिला देविका राणींना मिळाला, तेव्हा रक्कम होती ११,००० रुपये. आता ती १५ लाख आहे. आमच्याकडे शाल होती. कमळाचं बघायचं होतं. रोख रकमेचा विषय कोणी काढला नाही.

तर दुकान. अरुंद आहे, पण आत गेल्यावर डोळे दिपतात. एका भिंतीला फुटबॉलचे बूट आणि सोनेरी चेंडू, दुसरीला भजनी स्पर्धांसाठी मृदंग-टाळांच्या ट्रॉफ्या, मधे कॅरम, बुद्धिबळ, नाट्यस्पर्धेचे मुखवटे. गोव्यात वर्षभर कुठली ना कुठली स्पर्धा चालूच असते, ते या कपाटांकडे बघून कळतं. काउंटरवर पंचविशीतला मुलगा. "कितें जाय, काकी?" विचारून त्याने लगेच स्टूल पुढे सरकवलं. हा पहिला गुण. फोंड्यातल्या किती दुकानांत बसायला मिळतं?

भाव रास्त आहेत. साध्या अॅक्रिलिकची पट्टी ३५० पासून, धातू आणि संगमरवराची १,२०० च्या आसपास, आणि लाकडी बैठकीवर पितळी पट्टी हवी तर ९५०. घासाघीस चालत नाही, पण डबी फुकट देतात.

मुलाने आधी मोठी दाखवली. खाली काळा संगमरवर, वर सोनेरी कमळ. "ही घ्या, अगदी दिल्लीवाली वाटते." उचलून पाहिली. दोन किलो तरी असेल. मामा ८१ वर्षांचे, उजवा हात थरथरतो. स्टेजवर उभं राहून दोन किलोचं कमळ पेलणं हे तरण्याताठ्यांचं काम. मला राज कपूर आठवले. १९८८ च्या मे महिन्यात दिल्लीत पुरस्कार घ्यायला आले आणि सभागृहातच दम्याचा झटका आला. राष्ट्रपती व्यंकटरमण स्वतः मंचावरून खाली उतरून त्यांच्यापाशी गेले. महिन्याभरात माणूस गेला. प्राण यांना तर पुरस्कार त्यांच्या घरी नेऊन दिला, शशी कपूर यांना पृथ्वी थिएटरमध्ये, चाकाच्या खुर्चीत. हा सन्मान येतो तोवर माणसाचे गुडघे गेलेले असतात. म्हणून आम्ही आधीच ठरवलं होतं, कार्यक्रम मामांच्याच घरी, त्यांच्या सोप्यावर. आणि वस्तू अशी की त्यांना एका हातात धरता येईल.

मुलाला हे सगळं सांगितलं नाही. "हलकी दाखव," एवढंच म्हटलं. त्याने वाद न घालता फणसाच्या लाकडाची छोटी बैठक काढली, तिच्यावर फिल्मच्या पट्टीचा अर्धगोल आणि खाली मजकुराची पितळी पट्टी. पाव किलोसुद्धा नसेल. लाकूड नुसतं घासून तेल दिलेलं, वर चकाकी नाही. मला आवडली. हा दुसरा गुण: गिऱ्हाइकाला काय हवंय ते पोरगं ऐकून घेतं.

मजकुरावर मात्र आमचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, "दादासाहेब फाळके अवॉर्ड, असंच टाकू या, भारी दिसतं." मी म्हटलं, नाही. तो पुरस्कार भारत सरकारचा आहे, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांबरोबर राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. त्याच्या नावाशी मिळतीजुळती नावं लावून खाजगी लोक देशभर पुरस्कार वाटत फिरतात, आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही. आमचा मजकूर असा: "दादासाहेब फाळके जयंती, ३० एप्रिल. प्रेक्षकांकडून सप्रेम. म्हार्दोळ." मधल्या ओळीत मामांचं नाव.

"वर्ष नको?" त्याने विचारलं. नको म्हटलं. मी तीस वर्षं पणजीत एका दैनिकात मुद्रितशोधनाचं काम केलं आणि फाळके पुरस्काराच्या बातमीने दर वेळी आमच्या डेस्कवर भांडण लावलं. पुरस्कार एका वर्षाचा, जाहीर दुसऱ्या वर्षी, कधी कधी दिला जातो तिसऱ्या. अमिताभ बच्चन यांचा २०१८ चा, हातात आला २०१९ च्या डिसेंबरच्या शेवटी. मोहनलाल यांचा २०२३ चा, तो मिळाला सप्टेंबर २०२५ मध्ये. उपसंपादक मथळ्यात एक साल घालायचा, बातमीत दुसरं, आणि सकाळी फोन मला. निवृत्त झाल्यावर तरी सालाचा घोळ नको.

मजकूर मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिला, ॲडव्हान्स ५०० दिले, तारीख ठरली २२ एप्रिल.

२२ ला गेले. "फाल्यां जाता, काकी." २३ ला फोन केला. फाल्यां. २४ ला नवऱ्याला पाठवलं, तो फाल्यां घेऊन परत आला आणि वर येताना भजीही. गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको की फाल्यां म्हणजे उद्या, आणि हा उद्या कॅलेंडरात नसतो. हंगाम स्पर्धांचा आहे, मशीन एकच आहे, हे मला समजतं. पण मग २२ तारीख लिहून कशाला घ्यायची? इथे एक तारा गेला.

२६ ला वस्तू मिळाली. डबी उघडली. पितळी पट्टी लखलखीत, अक्षरं धारदार, काळा रंग नेमका भरलेला. आणि काय कोरलं होतं? "दादासाहेब फालके जयंती." खाली "म्हार्दोल."

फाल्यां, फाल्यां करता करता फालकेच झाले होते.

मी कागद मागितला. कागदावर दोन्हीकडे ळ स्वच्छ होता. मुलगा ओशाळला. डिझाइन करणारा दुसराच, तो परप्रांतातला, त्याने कागद न बघता फाळक्यांचं नाव इंटरनेटवरून उचललं होतं. हिंदीत ळ लिहीत नाहीत, तिथे ते फाल्के होतात, याने त्यातला पाय मोडायचंही राहू दिलं. आणि मग म्हार्दोळ लिहिताना हात त्याच वळणावर गेला. माणसाचा दोष म्हणावा तर त्याच्या कानाला ळ कधी लागलाच नसेल. पण म्हार्दोळात म्हाळसा आहे, शेजारी कवळं आहे, पलीकडे सांखळी आहे. ळ काढला तर आमच्या तालुक्यांच्या नकाशाला भोकं पडतील.

आता इथे दुकानाची बाजू सांगायलाच हवी. मालक आतून आले, एक शब्द न बोलता जुनी पट्टी उचकटली आणि म्हणाले, "पैसे नाहीत, आत्ता लावतो, बसा." कॉम्प्युटरवर मीच उभी राहिले. डिझाइनवाल्याला दाखवलं, ल ज्या बटणावर आहे त्याच बटणावर ळ आहे, शिफ्ट दाबायचं फक्त. त्याने दाबलं, ळ उमटला, आणि तो हसला. मग तीनदा उगाच दाबून पाहिलं.

लेझरचं काम मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. काचेच्या झाकणाखाली पट्टी ठेवतात, आणि उजेडाचा एक बारीक ठिपका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत राहतो. अक्षरं एकेक करून उमटत नाहीत. आधी मात्रा-वेलांट्यांचे वरचे तुकडे येतात, मग पूर्ण ओळीची शिरोरेषा, नुसती आडवी रेघ. मग तिला लोंबकळत सगळी अक्षरं एकदम खाली उतरू लागतात. काना, दांडी, गोलाई. फाळके मधला ळ अर्ध्यावर होता तेव्हा तो ल आहे की ळ हे कळायला मार्ग नव्हता, आणि ते दहा सेकंद मी श्वास धरून होते. गाठ पूर्ण झाली तेव्हा मालकच म्हणाले, "जालो." वीस मिनिटांत पट्टी तयार. जे काम वीस मिनिटांचं, त्याला चार फाल्यां का लागले हा प्रश्न मी गिळला.

बिल घेतलं. बिलावर छापलं होतं: फालके मेमेंटो, १ नग. लाल पेन पर्समध्ये होतं. काढलं नाही.

३० तारखेला संध्याकाळी मामांच्या सोप्यावर वीसेक माणसं जमली. आमच्यातल्या एकाने प्रास्ताविकात मंगेशीचा उल्लेख केलाच. तो होणारच असतो. मंगेशी आमच्यापासून चालत जाण्याएवढी, दीनानाथ तिथले, आणि त्यांच्या दोन लेकींना फाळके पुरस्कार, लताबाईंना १९८९ चा, आशाबाईंना २००० चा. आशाबाईंनंतर तो पुन्हा एका बाईला मिळायला २०२० च्या पुरस्कारापर्यंत थांबावं लागलं, आशा पारेख यांच्यापर्यंत. हे मी तिथे बोलून दाखवलं तर माझीच नणंद म्हणाली, "आणि तुमच्या यादीत किती बायका?" एकही नाही. फोंड्यात तिकीट खिडकीवर बसणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा पत्ता शोधायला घेतलाय.

मामा बोलले ते मात्र ऐकण्यासारखं. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून उजेड करायचे, कांड्या जळत जातात तसं अंतर सांभाळत राहायचं, नाहीतर पडद्यावर नायिका पिवळी पडते. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, दुसरा ठिपका आला की बदल. तो ठिपका आम्ही प्रेक्षकांनी जन्मभर पाहिला आणि कधी दिसला नाही. मामांना फक्त तोच दिसायचा. किती सिनेमांचा शेवट त्यांनी नीट पाहिलाच नव्हता, कारण शेवटच्या रिळाला पहिलं रीळ गुंडाळायचं काम असायचं.

मग स्मृतिचिन्ह दिलं. त्यांनी ते एका हातात धरलं, सहज. चष्मा वर केला. मी वाट पाहत होते की ते अंगठा नावावरून फिरवतील, ळ वरून फिरवतील. त्यांनी पितळी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. वरच्या फिल्मच्या अर्धगोलाला उजेडाकडे वळवलं आणि कडेच्या भोकांवर नख ठेवून पुटपुटत मोजू लागले. एक, दोन, तीन. पुढची चौकट. एक, दोन, तीन.

"एके चौकटीक चार आसतात," ते म्हणाले. "हांगा तीनच." मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "अक्षरां तुमी पळयलीं. बुराक कोणें मेजले?"

भोकं कोणीच मोजली नव्हती. अक्षरांसाठी मी वीस मिनिटं त्या मशीनपाशी उभी राहिले आणि त्याच वस्तूवर, चार बोटं वर, ती भोकं माझ्या नाकासमोर होती. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला एका चौकटीमागे प्रत्येक कडेला चार भोकं असतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मामांनी ते सन्मानचिन्ह टीव्हीशेजारी ठेवलं आणि आल्यागेल्याला आता तेच दाखवतात म्हणे, "एक बुराक उणो आसा" म्हणून.

तर दुकानाला पाचपैकी साडेतीन. एक तारा फाल्यांचा कापला, अर्धा फालक्यांचा. भोकांचे कापले नाहीत, नमुना मीच पसंत केला होता. तुम्ही जाणार असाल तर दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, मजकुरातले ळ लाल शाईने गोल करून न्या, आणि सिनेमावाल्यासाठी काही करत असाल तर कोणातरी जुन्या ऑपरेटरला बरोबर घ्या.