तयार पाठांचा संच घ्यावा, की मुलांना हलवता येणारं चित्र? दोनशिक्षकी शाळेसाठी तुलना

पोळ्याच्या आठवड्यात शेजारच्या केंद्रातल्या (शाळांच्या गटातल्या) एका मुख्याध्यापकांचा फोन आला. ग्रामपंचायत साठ हजार द्यायला तयार, कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेलेला, आणि सरपंचांना ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी लावायची घाई. “भाऊ, तुम्ही दोन्ही वापरून पाहिलं. काय घेऊ सांगा, शनिवारी समितीची मीटिंग आहे.” फोनवर अर्धा तास बोललो, पण सगळं सुटं सुटं झालं. म्हणून आता बसून लिहितो.

आधी माझी शाळा सांगतो, म्हणजे तुमची वेगळी असेल तर तेवढं वजा करता येईल. यवतमाळ जिल्ह्यातला घाटंजी तालुका, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट एकतीस. अर्धीअधिक मुलं घरी कोलामी नाहीतर गोरमाटी (बंजारा) बोलतात. नेट शाळेच्या मागच्या निंबाखाली येतं, वर्गात येत नाही. लाइट दिवसातून किती वेळा जाते ते मोजणं मी सोडून दिलं आहे.

‘दृश्य शिक्षण’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी आपल्यापुढे येतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिली म्हणजे पुस्तकातल्या धड्यांचे अ‍ॅनिमेशन केलेले तयार पाठ. मुलांनी बसायचं आणि पाहायचं. दुसरी, हलवून पाहायची चित्रं. मूल काहीतरी ओढतं, जोडतं, तोडतं आणि चित्र त्याप्रमाणे बदलतं. तिसरी, कोरा कागद देणारी सॉफ्टवेअरं. त्यात मूल स्वतः चित्र काढतं, गोष्ट हलवतं नाहीतर शब्दांचं जाळं मांडतं. कंपनीवाले बहुतेक वेळा पहिलं विकतात आणि बोलताना दुसऱ्याचे गुण सांगतात.

तयार पाठांचा संच

आमच्याकडे हा लोकवर्गणीतून आला होता. पहिले दोन महिने गावातली मोठी माणसंही खिडकीत उभी राहून पाहायची. संच त्या एकाच कॉम्प्युटरला बांधलेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. एका पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन मदरबोर्ड गेला, दुसरा कॉम्प्युटर आणला, तर संच उघडेना. नवीन परवान्यासाठी पुन्हा पैसे लागतील असं उत्तर मिळालं. पुढे फोन उचलणंच बंद झालं. तेव्हा विक्रेता दारात उभा असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: कॉम्प्युटर बदलला तर संच चालेल का, आणि ते बिलावर लिहून देता का?

दुसरा प्रश्न पुस्तकांचा. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आणि पुढच्या इयत्तांचाही टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. धड्यांवर बेतलेला संच धडे बदलले की शिळा होतो. नवे पाठ कोण देणार, किती वर्षं देणार, फुकट की पैसे घेऊन?

तिसरी गोष्ट विचारायची नाही, ऐकायची. संचातला आवाज कोणत्या मराठीत आणि किती वेगाने बोलतो ते पाहा. आमच्या संचातल्या बाई पडद्यावर फळ दाखवून “पेरू” म्हणायच्या आणि वर्ग एका सुरात “जाम!” म्हणायचा. हे हसण्यावारी नेता येतं. पण दुसरीतल्या कोलामी मुलाला ‘आता आपण निरीक्षण करूया’ हे वाक्य पेलत नाही, आणि ते कळेपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं.

तरीही संचाची एक बाजू खरी आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. जोडीदार शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की एका माणसाकडे चार वर्ग. अशा दिवशी तिसरी-चौथीला वीस मिनिटांचा पाठ लावून देता आला, तर पहिलीच्या मुलांजवळ बसता येतं. हा फायदा ज्यांची शाळा बहुशिक्षकी आहे त्यांना कळणार नाही. फक्त त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमध्ये ते स्कॅन करून पाठ घरूनच मोबाईलवर उतरवून ठेवता येतात आणि शाळेत नेट नसलं तरी चालतात. मोबाईलमध्ये तशी सोय असेल तर तो केबलने टीव्हीला जोडला की झालं. सगळेच पाठ चांगले नाहीत. पण जे विकत मिळतात तेही सगळे चांगले नसतात.

हलवता येणारी चित्रं

यात माझं सगळ्यात आवडतं म्हणजे फेट (PhET), हलवून पाहायच्या खेळांचा संच. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. मोठ्या मुलांच्या विज्ञानासाठी निघालेलं काम होतं, पण प्राथमिक गणितासाठीही त्यात बरंच आहे, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतून मिळतात. फुकट आहे. एकेक खेळ म्हणजे एक फाइल. तालुक्याच्या गावी उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, ब्राउझरमध्ये उघडा, नेटची गरज नाही.

दुसरीची हातच्याची बेरीज घ्या. आठ अधिक पाच. आमच्या जुन्या संचात माकड आंबे विकायचं, गाणं म्हणायचं, दहा आंब्यांची टोपली आपोआप भरायची. मुलांना गाणं तोंडपाठ झालं. पाटीवर मात्र निम्म्या जणांनी बोटं मोजून बारा लिहिलं. मग फेटमधला ‘दहा तयार करा’ हा खेळ लावला. त्यात आकडे ठोकळ्यांसारखे असतात. ओढले की तुटतात, एकावर एक ठेवले की जुळतात. एका मुलीने पाचातून एक ओढून आठवर ठेवला, नऊ झाले. थांबली. पुन्हा एक ओढला, दहा झाले. मग हात माउसवरून काढून घेतला आणि मागे वळून म्हणाली, “सर, दहा त झाले, मंग तीन उरले नं!” तेरा हा आकडा तिने मागाहून सांगितला.

पण हे पडद्यामुळे झालं असं म्हणणं खोटं होईल. त्याआधी आठ दिवस ती पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधत होती. आधी हाताने, मग चित्राने, मग आकड्याने, हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकातच मांडला. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या काळात, २०१५ नंतर, आपल्या शाळांच्या फरशांवर जे रंगवलं गेलं त्यामागे बरीचशी तीच समजूत होती. सॉफ्टवेअर या क्रमात मधे बसतं. काड्या वगळून थेट पडद्यावर गेलात तर पुन्हा गाणंच पाठ होईल.

चौथीच्या अपूर्णांकांत तर फरक आणखी दिसतो. आठ हा चारापेक्षा मोठा, म्हणून एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, असं दरवर्षी कुणीतरी ठासून सांगतंच. फेटच्या अपूर्णांकांत गोल, पट्टी, पाण्याचं भांडं किंवा संख्यारेषा निवडता येते आणि छेद एकेकाने वाढवता येतो. मुलाने चारचा पाच केला, पाचाचा सहा केला. वर्तुळाचा रंगीत तुकडा बारीक होत चालला. आठवर पोचल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, “वाटेकरी वाढले का हिस्सा कमी होते नं, सर. आमच्या वावराचं तसंच झालं.” त्या दिवशी भाकरीचे तुकडे करायची गरज उरली नाही.

तोटे? माउस एक आणि मुलं अकरा. दोन माउस लावले तर दोन्हींचा बाण एकच, आणि मग भांडण. आम्ही पाळी लावतो. एकाने एकच चाल करायची, पुढची चाल बाकीच्यांनी सांगायची. तरी पाऊण तास जातो. आणि शिक्षक तिथे उभा असावाच लागतो, नाहीतर आकडे तोडायचा खेळ आकडे फेकायचा होतो. चार वर्ग एकट्याने सांभाळायच्या दिवशी हे कामाचं नाही.

याच गटातलं जीकॉम्प्री पहिली-दुसरीसाठी. हे नाव फ्रेंच आहे. ‘मला समजलं’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांसारखं ते ऐकू येतं. फुकट, शंभराहून जास्त छोटे खेळ, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालतं. माउस कधी न धरलेल्या मुलाला आधी त्यातला चित्र पुसायचा खेळ द्या. माउस फिरवला की वरचे ठोकळे पुसले जाऊन खालचा फोटो दिसतो. बरेच खेळ शब्दांवाचून चालतात, म्हणून घरची भाषा आड येत नाही. भूमिती-बीजगणिताचं जिओजेब्रा चांगलं आहे, पण चौथीपर्यंतच्या शाळेने त्यावर वेळ घालवू नये. पाचवीच्या पुढे बघा.

कोरा कागद

टक्स पेंट २००२ पासून आहे आणि अजून त्याच्याइतकं लहान मुलांचं भान ठेवणारं चित्रांचं सॉफ्टवेअर मी पाहिलं नाही. चित्र जपून ठेवायला फाइलचं नाव लिहावं लागत नाही. नुसतं बटण दाबायचं, उघडताना चित्रांच्या छोट्या प्रतिमा दिसतात. तान्ह्या पोळ्याला पहिलीच्या मुलांनी त्यात आपापले लाकडी बैल रंगवले. एकाचा बैल जांभळा होता, त्याचं कारण विचारलं तर “मले तोच आवडते.” आरशासारखी दोन्ही बाजू एकदम काढणारं हत्यार त्यात आहे. त्याने रांगोळी काढवून सममिती शिकवता येते. गणिताची अपेक्षा यापेक्षा जास्त ठेवू नका. गोष्टीतली चित्रं हलवायचं स्क्रॅच ज्युनियर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, वाचता न येणारंही वापरू शकतं, पण त्याला टॅबलेट लागतात. दोन-तीन टॅबलेट असतील तर जरूर घ्या, नसतील तर त्यासाठी विकत घेऊ नका.

राहिलं शब्दांचं जाळं, म्हणजे संकल्पना-चित्र. मधे एक शब्द, त्याला रेषांनी जोडलेले बाकीचे. अमेरिकेत जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत घडवली आणि त्यासाठी कितीतरी सॉफ्टवेअरं आहेत. आम्ही ‘कापूस’ घेतला. कॉम्प्युटरवर ‘बोंडअळी’ हा एक शब्द टाइप करायला चौथीच्या मुलाला सहा मिनिटं लागली. ‘बो’ सापडला, त्यावरचा अनुस्वार सापडेना. दुसऱ्या दिवशी तेच व्हरांड्याच्या फरशीवर खडूने केलं. सरकी, ढेप, गाठी, जिनिंग, फवारणी, वेचणी, व्यापारी, हप्ता. तासाभरात फरशी भरली आणि ‘ढेप’पासून ‘म्हैस’ आणि ‘म्हैस’पासून ‘दुधाचे पैसे’ अशी रेघ कुणी ओढली ते मला आठवतही नाही. मोबाईलने फोटो काढून टीव्हीवर लावला. या कामासाठी सॉफ्टवेअरवर एक रुपया घालू नका.

वीस टक्के, ऐंशी टक्के

विक्रेता एक वाक्य हमखास बोलेल: मूल ऐकलेलं वीस टक्के आणि पाहिलेलं कितीतरी पट लक्षात ठेवतं. सोबत त्रिकोणी चित्रही दाखवेल. तो त्रिकोण अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये मांडला तेव्हा त्यात टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवले. तसंच ‘हा मुलगा दृश्य पद्धतीने शिकणारा आहे’ हे. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं आणि मुलांचे असे प्रकार पाडून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं म्हटलं. चित्र सगळ्यांच्याच कामी येतं, फक्त बरोबर जागी यायला हवं.

पैसे कुठे घालावेत

मी साठ हजारांतला मोठा वाटा टीव्ही आणि इन्व्हर्टरला देईन. प्रोजेक्टर नको. उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेत पडद्यावर काही दिसावं म्हणून खिडक्या लावून पाहा, म्हणजे टिनाच्या छताखाली नको का म्हणतो ते कळेल. दुसरं कारण हिशोबाचं. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. ती अर्ध्याच्या खाली उतरवू नये आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वाया जाते, म्हणजे हातात साधारण साडेसातशे. त्रेचाळीस इंची टीव्ही आणि लॅपटॉप मिळून सव्वाशे-दीडशे वॉट धरा, पाच तास निघतात. प्रोजेक्टर असेल तर तीच बॅटरी दोन तासांत बसते.

दोन्ही शिक्षकांना कॉम्प्युटरची भीती वाटत असेल आणि कुणीतरी एक जण नेहमी बाहेर असेल, तर दीक्षाचे पाठ मोबाईलवरून लावा, तेवढ्यावर वर्ष काढा. एकाला जरी हौस असेल तर जुना लॅपटॉप, फेट आणि जीकॉम्प्री, आठवड्याला दोनच तास, ज्या धड्यात मुलं अडतात तिथेच. टक्स पेंट शनिवारी. तयार संच विकत घ्यावा अशी शाळा मला एकच सुचते: जिथे कंपनीचा माणूस चोवीस तासांत येतो. आमच्या भागात तशी मी पाहिली नाही.

सरपंचांना पाटी लावू द्या, तिचा खर्च फार नाही. आणि बॅटरीतलं पाणी दर दोन महिन्यांनी स्वतः तपासा. आम्ही ते काम एकदा विसरलो होतो, बॅटरी दिवाळीनंतर उघडली तेव्हा पट्ट्या कोरड्या पडल्या होत्या.