निकॉन एफएम२ : सेल संपला तरी शटर थांबत नाही

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजारात उडणारी धूळ ही कुठल्याही कॅमेऱ्याची खरी परीक्षा. खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स मोटरवर बाहेर येते. तिच्या नळ्यांच्या फटीत रेतीचा कण अडकला की आतले प्लॅस्टिकचे दाते घसरतात, 'लेन्स एरर' येतो आणि कॅमेरा चालूच होत नाही. सेन्सर शाबूत, स्क्रीन शाबूत, तरी सगळं फुकट. सुटा भाग सहसा मिळत नाही, मिळाला तर दुरुस्ती नव्या कॅमेऱ्याइतकी महाग पडते. असं बनवणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

१९८२ साली आलेला आणि २००१पर्यंत बनत राहिलेला निकॉनचा रोलवर चालणारा कॅमेरा एफएम२ नेमका उलट विचाराचा. यात एका भागाचा बिघाड त्या भागापुरताच राहतो. एलआर४४चे दोन सेल लागतात ते फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. शटर पूर्ण यांत्रिक असल्यामुळे सेल संपले तरी १ सेकंदापासून १/४०००पर्यंतचे सगळे वेग मिळतात.

हा १/४००० खान्देशात रोज कामाला येतो. रावेर-यावलकडे मे महिन्याच्या दुपारी, १०० आयएसओ संवेदनशीलतेचा रोल असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/१६ला ठेवून (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) साधारण १/१२५ लागतो. मागची केळीची बाग धूसर करायला एफ/२.८ उघडलं की हिशेब थेट १/४०००वर जातो. पेन्टॅक्स के१०००ही दणकट, पण तो १/१०००वर थांबतो. म्हणजे त्याच उन्हात एफ/५.६च्या पुढे उघडता येत नाही.

आता एफएम२ जुनाच मिळणार, त्यामुळे तपासून घ्यावा. मागे क्रमांकाआधी इंग्रजी 'एन' असलेला सुधारित एफएम२ पहिली पसंती. त्यात फ्लॅश १/२५०ला जुळतो, आधीच्यात १/२००ला. लेन्स काढून, मागचं झाकण उघडून पांढऱ्या उजेडाकडे धरावा आणि १/१००० व १/४०००वर शटर मारावं. चौकटीची एक बाजू काळी राहिली तर शटरचे दोन पडदे सारख्या वेगाने धावत नाहीत. मग १ सेकंद लावून कान द्यावा. दातांची घरघर मध्येच अडखळली तर आतलं तेल सुकलंय, साफसफाई लागेल. शटरच्या पात्यांना बोट मात्र लावू नये, ती कागदासारखी पातळ असतात.

लेन्स वेगळी तपासावी. मागची छोटी कळ दाबून सोडली की ॲपर्चरची पाती झटकन हलली पाहिजेत. जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांना टेकतं, बंद गाडीत त्याहून जास्त. त्या उष्णतेने फोकसच्या आट्यांतल्या ग्रीसमधलं तेल सुटून पात्यांवर पसरतं आणि ती चिकटतात. ॲपर्चरची रिंग नसलेली नवी लेन्स इथे निरुपयोगी, आणि एआय या निकॉनच्या लेन्स-जोडणीच्या आधीची जुनी लेन्स जबरदस्तीने बसवली तर बॉडीवरची कळ मोडते.

झाकणाच्या खाचांतला फोम बहुतेक नगांत चिकट डांबर झालेला असतो, त्यातून उजेड शिरून रोलवर लाल-पिवळे पट्टे उमटतात. हे घरी होतं. टूथपिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून खाचा खरवडाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात, मग दीड मिलिमीटरचा काळा फोम कापून बसवावा. खाचेत काळा लोकरीचा धागाही चालतो. आरशाच्या वरची फोमची पट्टी काढताना कॅमेऱ्याचं लेन्स बसवायचं तोंड खाली ठेवावं, म्हणजे चुरा वरच्या फोकसच्या काचेवर पडत नाही. आरसा पुसायच्या भानगडीत पडू नये; त्याचा मुलामा वरच्या पृष्ठभागावर असतो, लगेच ओरखडे येतात.

तक्रारी आहेत. मीटरचे लाल दिवे भर उन्हात नीट दिसत नाहीत. मीटरचं सर्किट जळालं तर दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्यातूनच काढावं लागतं. कृष्णधवल रोल घरी धुणाऱ्यांनी उन्हाळ्यात बर्फ जवळ ठेवावा: डेव्हलपर (रोल धुण्याचं रसायन) २० अंशांवर हवा, आणि टाकीचं पाणी तीसच्या वर असतं.

पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, सेल काढलेले आणि शटर मोकळं सोडलेलं, रोल पुढे न्यायची लिव्हर ओढून ठेवलेलं नाही.