तेल-पाणी एकजीव ठेवायला काय बरं: संत्र्याची साल की उसाचं बगॅस (रस काढून उरलेलं चिपाड)?

मेयोनेजमध्ये तेलाचे थेंब वेगळे होऊ नयेत म्हणून अंड्याचा बलक घालतात. हेच काम शेतमालाच्या टाकाऊ भागातले तंतूही करतात. बारीक घन कण तेल-पाण्याच्या सीमेवर चिकटून बसतात आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी १९०७ मध्ये यावर लिहिलं, म्हणून अशा मिश्रणाला पिकरिंग इमल्शन म्हणतात.

संत्र्याच्या सालीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ) भरपूर. रस काढून उरलेली साल धुऊन, वाळवून दळली की ती पूड पाणी पिऊन टम्म फुगते. मिश्रण इतकं दाट होतं की थेंबांना वर सरकणं अवघड जातं. म्हणजे इथे मोठा आधार दाटपणाचा. धुण्यात कसूर झाली तर कडवटपणा उतरतो, तरी खाण्याच्या पदार्थांसाठी मी सालच निवडेन.

बगॅसमधलं लिग्निन (तंतूंना घट्ट बांधून ठेवणारा पदार्थ) काढायला आधी बगॅस अल्कलीत शिजवायचं, मग ब्लीच करायचं, मग उच्च दाबाच्या होमोजनायझरमधून (लगदा अरुंद फटीतून दाबून बारीक करणाऱ्या यंत्रातून) पुन्हा पुन्हा काढायचं. तेव्हा कुठे नॅनोतंतू, म्हणजे अतिसूक्ष्म तंतू, हाती येतात. वीज आणि पाणी दोन्ही बरंच लागतं. पण हे तंतू थेंबांभोवती जाळं विणतात आणि थोडेसेच पुरतात. क्रीम-लोशनसाठी ते जास्त आशादायक वाटतात.

माल गोळा करण्यात बगॅस सरस, कारखान्यात एकाच जागी ढीग. नागपुरी संत्री घरोघरी सोलली जातात, साल कचऱ्यात विखुरते. मात्र बगॅस फुकट नाही: त्यावरच साखर कारखान्याचा बॉयलर चालतो आणि उरलेली वीज विकली जाते.