औषध आणि सलाईन सुरक्षितपणे देण्याचे प्रशिक्षण : एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

रुग्णालयात लिहून दिलेले औषध डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका अशा तिघांच्या हातांतून रुग्णापर्यंत पोहोचते. पहिल्या दोघांची नजरचूक पुढच्याला पकडता येते. परिचारिकेने सिरिंजचा दट्ट्या दाबल्यावर मात्र ती पकडणारे कोणी उरत नाही, आणि थेट शिरेत गेलेले औषध परत काढूनही घेता येत नाही. वॉर्डची इन्चार्ज म्हणून नव्या परिचारिकांच्या कामावर देखरेख करताना मला या शेवटच्या टप्प्याची काळजी सर्वांत जास्त वाटते. त्यामुळे औषधसुरक्षा आणि शिरेवाटे उपचार या विषयांवरचा एका प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम मी माझ्या सहकाऱ्यांबरोबर स्वतः पूर्ण केला आणि त्याकडे एकाच प्रश्नाने पाहिले : हे शिकून आलेली परिचारिका शंका आली त्या क्षणी हात थांबवील का?

हा प्रश्न जगभरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये रुग्णसुरक्षेची तिसरी जागतिक मोहीम औषधांमुळे होणाऱ्या हानीविरुद्ध सुरू केली आणि गंभीर पण टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत ५० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. औषधविषयक चुकांचा जगाला पडणारा भार तेव्हा वर्षाला सुमारे ४,२०० कोटी अमेरिकी डॉलर इतका मानला गेला होता. या मोहिमेनंतर अशा अभ्यासक्रमांची संख्या वाढली हे चांगलेच झाले, पण त्यांतले बरेचसे चित्रफिती दाखवून आणि प्रमाणपत्र देऊन संपतात. मी येथे ज्याविषयी लिहीत आहे तो अभ्यासक्रम त्यांहून पुष्कळ पुढे जातो. कोठे थांबतो तेही पुढे सांगते.

सुरुवातीचा ऑनलाइन भाग साधारण आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री त्यात सविस्तर येते. ती प्रत्येक परिचारिकेला पाठ असते, ज्यांच्या हातून चूक होते त्यांनाही पाठ असते, म्हणून या भागावर एवढा वेळ घालवण्याची गरज नव्हती. खरा अभ्यासक्रम कौशल्य कक्षातल्या टेबलांपाशी सुरू होतो.

त्यातले पोटॅशियम क्लोराईडचे टेबल मला सर्वांत मोलाचे वाटले. प्रशिक्षिकेने स्टँडला लटकवलेल्या सलाईनच्या पिशवीत सुईने गडद निळ्या रंगाचे दाट द्रावण सोडले आणि काही न बोलता बाजूला उभ्या राहिल्या. निळा रंग पिशवीभर पसरला नाही; तो खाली, नळी जोडलेल्या तोंडापाशी साचून राहिला आणि ड्रिप सुरू करताच पहिल्या काही थेंबांत जवळजवळ सगळा नळीत उतरला. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या पिशवीत तेवढेच द्रावण घातले, पिशवी स्टँडवरून काढून अनेकदा उलटसुलट केली आणि मगच लटकवली. या वेळी नळीत उतरलेला रंग शेवटपर्यंत एकसारखा फिकट होता. तीव्र पोटॅशियम कधीही थेट शिरेत देऊ नये, ते पातळ करूनच द्यावे आणि प्रौढ रुग्णाला हातातल्या शिरेवाटे देताना वेग सर्वसाधारणपणे ताशी १० मिलिमोलच्या (मिलिमोल हे पोटॅशियम मोजण्याचे एकक) वर नेऊ नये, हे नियम सर्वांनी वाचलेले असतात. लटकत्या पिशवीत औषध टोचून ती न हलवता सोडून देणे म्हणजे काही क्षणांपुरते तीव्र पोटॅशियमच देणे होय, हे मात्र त्या निळ्या रंगामुळे डोळ्यांना दिसले. आमच्या वॉर्डमधल्या परिचारिका आता पिशवी स्टँडवरून काढल्याशिवाय तिच्यात औषध घालत नाहीत. केवळ एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हा अभ्यासक्रम सुचवला असता.

गणिताचा भागही चांगला बांधला आहे. प्रत्येक उदाहरणात आधी अंदाज सांगायचा, मग हिशेब करायचा आणि दोहोंत मोठी तफावत आली तर औषधाला हात लावायचा नाही, अशी शिस्त प्रशिक्षिकांनी ठेवली होती. ५०० मिलि सलाईन सहा तासांत द्यायचे असेल आणि सेट, म्हणजे सलाईनची थेंब पाडणारी नळी, मिलिमागे २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला सुमारे २८ थेंब पडले पाहिजेत. मिलिमागे ६० थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटवर हाच वेग मिनिटाला ८३ थेंब होतो, कारण या सेटमध्ये ताशी मिलि आणि मिनिटाला थेंब हे दोन्ही आकडे सारखेच येतात. एका सेटचा आकडा दुसऱ्या सेटवर लावला गेला तर काय होते, हे आम्हांला मोजायला लावले : ८३ थेंबांचा वेग २० थेंबांच्या सेटवर ठेवला की सहा तासांची बाटली दोन तासांत रिकामी होते. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाला ते सोसवणारे नसते. सेटच्या पाकिटावरचा थेंबांचा आकडा वाचल्याशिवाय हिशेबाला सुरुवातच करायची नाही, ही सवय या टेबलावर लागते.

इन्सुलिनच्या टेबलावर ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, आणि त्या त्या प्रकारच्या सिरिंजा मुद्दाम एकत्र ठेवल्या होत्या. मिलिमागे १०० युनिट असलेल्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजवर २० ची खूण गाठेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर प्रत्यक्षात ५० युनिट ओढले जातात, म्हणजे अडीचपट. उलट अदलाबदल झाली तर २० च्या जागी केवळ ८ युनिट मिळतात. एकीकडे साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, दुसरीकडे ती आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढवला जातो आणि मूळ कारण कोणाच्या लक्षात येत नाही. जेथे दोन्ही प्रकार वापरात आहेत तेथे हे टेबल प्रत्येक परिचारिकेला दर वर्षी दाखवावे असे माझे मत आहे.

व्यत्ययाचा सराव हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. परिचारिका डोस मोजत असताना फोन वाजतो, नातेवाईक होऊन आलेली व्यक्ती चौकशी करते, कोणी शेजारच्या रुग्णाचा चार्ट मागते. आणि मग अर्धवट राहिलेले काम तिने कोठून पुन्हा सुरू केले याकडे प्रशिक्षिकांचे लक्ष असते. ऑस्ट्रेलियातील दोन रुग्णालयांत केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रत्येक व्यत्ययामागे औषध देण्याच्या पद्धतीतील त्रुटी आणि प्रत्यक्ष उपचारातील चुका या दोन्ही सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या होत्या. कक्षात हेच समोर घडले. अनुभवी परिचारिकासुद्धा फोन ठेवल्यावर जेथे हात थांबला होता तेथूनच पुढे गेल्या, आणि भरून ठेवलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या सिरिंजांपैकी कोणती कशाची हे सांगताना अडखळल्या. उपाय साधाच शिकवला गेला : व्यत्यय आला की पुन्हा पहिल्यापासून तपासणी करायची, आणि भरलेली सिरिंज हातातून खाली ठेवायची असेल तर त्याआधी तिच्यावर औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि सही असलेली चिठ्ठी लावायची.

दुहेरी तपासणीविषयीची शिकवण मला विशेष पटली. हेपारिन, इन्सुलिन, मॉर्फिन यांसारखी जास्त धोक्याची औषधे दोघींनी तपासावीत हा नियम बहुतेक ठिकाणी असतो, पण प्रत्यक्षात पहिली परिचारिका “हे चार मिलि बरोबर आहेत ना?” असे विचारते आणि दुसरी मान डोलावते. येथे दुसऱ्या परिचारिकेला उत्तर न सांगता चार्ट आणि व्हायल हाती देतात आणि तिला स्वतंत्र हिशेब करायला लावतात. दोन आकडे जुळले तरच पुढे जायचे. यात वेळ थोडा जास्त जातो, पण मान डोलावण्यापुरत्या तपासणीपेक्षा तपासणी नसलेली बरी, कारण पहिली निदान सावध तरी राहते.

डॉक्टरांशी बोलण्याचा सरावही याच अंगाने घेतला जातो. चार्टवर १ च्या जागी १.० लिहिले गेले आणि टिंब पुसट असले तर तो आकडा १० असा वाचला जातो; ०.५ मधले शून्य गाळले तर त्याचे ५ होतात. अशा चार्टवर काय करायचे, याचे उत्तर आमच्यातल्या एका तरुण परिचारिकेने “इतर चार्ट पाहून अंदाज घेईन” असे दिले. प्रशिक्षिकांनी तिला तेथेच फोन हाती दिला आणि बोलायला लावले : “डॉक्टर, पाच नंबरच्या रुग्णाचा डोस मला स्पष्ट वाचता येत नाही. आपण सांगा, मी लिहून घेते आणि आपल्याला परत वाचून दाखवते.” ती दोनदा चाचरली, तिसऱ्यांदा नीट बोलली. नव्या परिचारिकेला हे वाक्य तोंडात बसवून देणे हे कोणत्याही तक्त्यापेक्षा उपयोगाचे आहे.

आता कॅन्युलाचा, म्हणजे शिरेत बसवायच्या बारीक नळीचा, भाग. सिद्धान्त येथेही पक्का आहे. कामाला पुरेल अशी लहानात लहान कॅन्युला निवडणे, हिरवी १८, गुलाबी २० आणि निळी २२ क्रमांकाची हे रंग ओळखणे, अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन लावल्यावर त्वचा आपोआप वाळू देणे, डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असलेला हात टाळणे, आणि औषध देण्यापूर्वी प्रत्येक वेळी जोडणीचे तोंड अल्कोहोलने घासून वाळू देणे, हे सर्व नीट दाखवले जाते. औषध शिरेबाहेर झिरपले तर काय करायचे यावरचा पाठ तर फारच चांगला आहे : शिरेतून हळूहळू सुरू असलेले औषध, म्हणजे इन्फ्युजन, ताबडतोब थांबवायचे, पण ऊतींना इजा करणारे औषध असेल तर कॅन्युला घाईने उपसायची नाही, कारण आत साचलेले औषध तिच्यातूनच शक्य तितके परत ओढून घ्यायचे असते आणि नॉरॲड्रेनालिनसारख्या औषधासाठी फेंटोलामाईन या उताऱ्याचा विचार डॉक्टरांना लगेच करावा लागतो.

प्रत्यक्ष सुई टोचण्याचा सराव मात्र रबरी हातावर सुरू होतो आणि तेथेच संपतो. रबरी हातातली शीर नेहमी एकाच जागी असते. ती सरकत नाही, दबत नाही, सुजेखाली दडत नाही, आणि तो हात वेदनेने मागेही घेतला जात नाही. वृद्ध, निर्जलीकरण झालेले किंवा पुष्कळ सलाईन घेतलेले रुग्ण आणि लहान मुले यांच्या शिरा शोधणे हे वेगळेच कौशल्य आहे. रबरी हातावर एकदा यश आले की प्रमाणपत्रावर ‘कॅन्युला टाकण्यास सक्षम’ अशी नोंद होते, हे मला मान्य नाही. देखरेखीखाली खऱ्या रुग्णांवर ठरावीक वेळा काम केल्यावरच ही नोंद मिळायला हवी.

दुसरी उणीव पावडर स्वरूपातल्या औषधांच्या पाठात आहे. व्हायलमध्ये पाणी घालून औषध विरघळवायला शिकवतात, पण पावडर स्वतः जागा व्यापते हे सांगत नाहीत. समजा ५०० मिलिग्रॅम पावडर ०.४ मिलि जागा व्यापते आणि आपण ५ मिलि पाणी घातले, तर द्रावण ५.४ मिलि होते. त्यातून १ मिलि काढला की १०० ऐवजी सुमारे ९३ मिलिग्रॅमच औषध येते. पूर्ण व्हायल देताना याने काही बिघडत नाही, पण नवजात बालकाला व्हायलचा छोटा अंश द्यायचा असतो तेथे हा फरक मोजावा लागतो. कोणते औषध कोणत्या सलाईनबरोबर चालत नाही हा विषयही एका स्लाईडवर उरकला आहे. सेफ्ट्रायॲक्सोन आणि कॅल्शियम असलेले रिंगर लॅक्टेट एकाच नळीत एकत्र येऊ देऊ नयेत, फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातले तर त्याचे कण तयार होतात, ही दोन उदाहरणे तोंडी सांगितली गेली. ती टेबलावर दाखवली असती तर निळ्या रंगासारखी लक्षात राहिली असती.

मूल्यमापन लेखी प्रश्नपत्रिका आणि अभिप्रायाचा अर्ज यांवर संपते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रशिक्षणाची पारख चार पायऱ्यांवर होते : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामात त्याचे वागणे बदलले का, आणि त्याचा परिणाम काय झाला. हा अभ्यासक्रम पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतो. काही आठवड्यांनी प्रशिक्षिकांपैकी कोणी वॉर्डमध्ये येऊन औषधाच्या एका फेरीत सोबत उभे राहिले असते, तर तिसऱ्या पायरीचे उत्तर मिळाले असते.

नव्याने रुजू झालेल्या आणि सर्वसाधारण वॉर्डमध्ये काम करणाऱ्या परिचारिकांसाठी मी हा अभ्यासक्रम निःशंकपणे सुचवते. अतिदक्षता विभागासाठी तो पुरेसा नाही, कारण सेंट्रल लाईन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांची सततची इन्फ्युजन यांना त्यात जवळजवळ स्थान नाही. जी रुग्णालये आपल्या परिचारिकांना पाठवणार असतील त्यांनी कॅन्युलाचा देखरेखीखालचा सराव आपल्याकडे आधीच ठरवून ठेवावा, आणि एका टेबलावर किती जणींना बसवणार हे नोंदणीपूर्वी संस्थेला विचारून घ्यावे. आमच्या तुकडीत गणिताच्या टेबलावर गर्दी झाली होती आणि मागे उभ्या राहिलेल्या काही जणींच्या हाती सेट आलाच नाही.