आबाजीला घरी आणायचं का दवाखान्यातच ठेवायचं? दोन्ही करून पाह्यलं, त्याचा हिशोब

डॉक्टर म्हणते "आता घरी न्या" अन् आपल्याला वाटते यानं हात वर केले. आमच्या आबाजीचं असंच झालं, तोंडाचा कॅन्सर, खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) चाळीस वर्षांचा. घरात दोन पार्ट्या पडल्या, काका म्हणे आयसीयूत टाका, आई म्हणे वावरातल्या माणसाला काचेच्या खोलीत कोंडू नका.

आधी दवाखाना. रात्री दम लागला, जखमेतून रक्त सुटलं तर धावून येणारं कोणी असते, हे खरंच मोठं आहे. सरकारी आरोग्य योजनेचं कार्डही भरती पेशंटलाच कामी येते. पण आयसीयूत दिवसातून दोनदा भेट, दहा मिनिटं. नाकातली नळी ओढते म्हणून आबाजीचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले, ते मला सोड म्हणून डोळ्यानं सांगत होते. तिसऱ्या दिवशी काकाच म्हणाले, चला घरी.

घरी मुद्दा एकच, दुखणं. मॉर्फिन म्हणजे अफूचं औषध, नाव ऐकलं की शेजारी म्हणणार व्यसन लागीन. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरनं ठरवलेला डोस घेतला तर ती भीती धरून बसायची गरज नाही. मॉर्फिनची साधी गोळी (हळूहळू सुटणारी नाही) घड्याळावर द्यायची, दर चार तासांनी, दुखायची वाट पाहायची नाही. अन् संडास अडकतेच, पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत पाह्यजे, आम्हाला हे पाचव्या दिवशी समजलं, त्या पाच दिवसांचं काही विचारू नका. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सोपा झाला तरी आमच्या तालुक्याच्या मेडिकलवर ही गोळी नाही, मॉर्फिन ठेवायची मान्यता असलेल्या मोठ्या दवाखान्यातूनच आणा. म्हणून सुट्टी घेतानाच विचारून घ्या, किती दिवसांच्या देता अन् पुढच्या वेळी पेशंट न आणता नातेवाईक आला तर चालते का.

पैसे? घर स्वस्त पडते पण सगळं खिशातून. डायपर, ड्रेसिंग, हवेची गादी. ती गादी लाइटवर चालते, मे महिन्यात दुपारी लाइट गेली की बसलीच खाली, म्हणून गादी असो नसो, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखम होते. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम ड्रेसिंग शिकवून गेल्या, त्यांच्या कामात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे अशा पेशंटचं दुखणं अन् त्रास कमी करायची सेवा, येते, हक्कानं बोलवा. जिल्हा रुग्णालयातही विचारा.

खरं अवघड कुठे आहे तर माणसांत. कापसाच्या वेचणीत सगळं घर वावरात, म्हाताऱ्याजवळ कोण? उत्तर नेहमी "सून आहे ना". आईनं दोन महिने सलग झोप पाह्यली नाही. रात्रीला बदली माणूस नसेल, गोळीची सोय नसेल, फोन उचलणारा डॉक्टर नसेल तर माझं मत, घरी आणू नका, साध्या वॉर्डात ठेवा, आयसीयू नको. या तिन्ही गोष्टी असल्या तर घरच. अन् मधात दोन दिवस भरती करून परत आणलं तर त्यात हार नाही, आम्हीही ड्रेसिंग बिघडली तेव्हा नेलं होतं.

एक कोणी सांगत नाही. माणूस घरीच वारला तर मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी लागते. आजाराची फाइल ग्रामसेवकाला लगेच दाखवता येईल अशी ठेवा, आमची गोदरेजच्या कपाटात होती अन् चावी आबाजीच्या करदोड्याला.