प्रोसेसरचे गुणांकन: कोणत्या आकड्यावर विसंबावे?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात असेंबल्ड संगणकाचे कोटेशन मागितले की मध्यम किमतीत बहुधा दोन पर्याय पुढे येतात: इंटेलचा कोअर आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६००. दोन्हींत ६ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे विभाग), १२ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामांचे प्रवाह) आणि कमाल क्लॉक स्पीड (सेकंदाला पडणारे ठोके) ४.४ गिगाहर्ट्‌झ. एवढ्यावरून निवड करणे शक्य नसते, कारण एका ठोक्यात किती काम उरकते हे क्लॉक स्पीड सांगत नाही. ती उणीव भरून काढण्याचा दावा करणाऱ्या गुणांकन पद्धतींचे हे परीक्षण आहे.

या पद्धतींतली सर्वांत शिकवण्याजोगी पद्धत आज वापरात नाही. १९९६ साली एएमडी, सायरिक्स, आयबीएम आणि एसजीएस-थॉमसन यांनी मिळून ‘पी-रेटिंग’ आणले. विनस्टोन ९६ या कार्यालयीन कामांच्या चाचणीत आपला प्रोसेसर इंटेलच्या ज्या पेंटियम प्रोसेसरची बरोबरी करी, त्या पेंटियमचा मेगाहर्ट्‌झचा आकडा आपल्या नावापुढे लावायचा, अशी ही पद्धत होती. सायरिक्सचा ६एक्स८६ पीआर१६६+ प्रत्यक्षात १३३ मेगाहर्ट्‌झवर चालत असे, आणि पत्रे, तक्ते यांसारख्या कामांत तो आकडा खोटा नव्हता. मात्र दशांश गणिताचा त्याचा विभाग पेंटियमच्या मानाने दुबळा होता, आणि त्याच वर्षी आलेला ‘क्वेक’ हा खेळ नेमका त्याच गणितावर चालत असल्याने तिथे हा प्रोसेसर स्पष्टपणे मागे पडला. चाचणी प्रामाणिक होती. पण एका कामाचा निकाल सगळ्या कामांच्या नावावर छापला गेला, आणि माझ्या मते ग्राहकाची खरी हानी तिथेच झाली.

२००१ मध्ये एएमडीने अॅथलॉन एक्सपीसाठी हीच वाट पुन्हा धरली. १५३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर ‘१८००+’ म्हणून विकला गेला. तुलना आपल्याच जुन्या अॅथलॉनशी आहे, असे कंपनी म्हणत असली तरी बाजार तो आकडा पेंटियम ४ शीच ताडून पाहत होता. त्याला आधारही होता, कारण पेंटियम ४ ची रचना चढ्या क्लॉक स्पीडसाठी केलेली असल्याने त्याचे दर ठोक्यामागचे काम कमी भरत असे. पुढे २००४ मध्ये इंटेलनेही मेगाहर्ट्‌झ बाजूला ठेवून मॉडेल क्रमांक स्वीकारले.

आजच्या चाचण्यांपैकी सिनेबेंच मला सर्वाधिक उपयोगी वाटते. सिनेमा ४डी या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधले रेंडरिंगचे, म्हणजे आराखड्यावरून पूर्ण चित्र तयार करण्याचे, काम ती प्रत्यक्ष करून पाहते, आणि आर२३ आवृत्तीत ती मुळातच दहा मिनिटे चालते. मे महिन्यातल्या मुंबईत, एसी नसलेल्या खोलीत, लॅपटॉप पहिल्या फेरीत उत्तम गुण मिळवतो आणि तापल्यावर वेग उतरवतो. ही घसरण दिसण्यासाठी एवढा वेळ लागतोच. गीकबेंचमध्ये छोट्या कामांमध्ये थोडी उसंत असल्याने ती तितकी उघड होत नाही. शिवाय त्याच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीचे आधारबिंदू वेगळे आहेत, त्यामुळे कोणी निव्वळ ‘गीकबेंच स्कोअर’ सांगितला तर आवृत्ती विचारल्याशिवाय तो लिहूनही घेऊ नये. पासमार्क वापरकर्त्यांच्या संगणकांवरून आलेल्या निकालांवर चालते. ढोबळ क्रम लावण्यापुरते ते ठीक आहे. स्पेक या संस्थेची चाचणी सर्वांत शिस्तीची, पण ती सर्व्हर घेणाऱ्यांसाठी आहे, घरगुती ग्राहकासाठी नाही.

मोबाइल प्रोसेसरच्या नावांवर मात्र मुळीच विसंबू नये. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू आणि ७५४०यू या नावांत एकाच अंकाचा फरक दिसतो. पहिल्यात झेन २ ही जुनी रचना आणि ४ कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ४ ही नवी रचना आणि ६ कोअर. रचनेची ही माहिती नावातल्या तिसऱ्या अंकात दडवलेली आहे, आणि काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाकडून ती ओळखण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हिशेब आणि पत्रव्यवहार करणाऱ्याने एका कोअरचा स्कोअर पाहावा, व्हिडिओ संपादन करणाऱ्याने सर्व कोअरचा, आणि दोघांनीही तो त्याच मॉडेलच्या लॅपटॉपवर घेतलेला आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.