धंतोलीतलं मेडिकल स्टोअर : डिस्काउंट कमी, पण गोळी द्यायच्या आधी वार विचारतात

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी चार. अर्धा मार्क पार्किंगचा कापला, अर्धा कशाचा ते खाली येईलच. धंतोलीत गाडी लावणं म्हणजे काय असतं हे नागपूरवाल्यांना सांगायला नको, जिथे पाहाल तिथे हॉस्पिटल नाहीतर पॅथॉलॉजी, त्यामुळे मी तं मेट्रोने काँग्रेस नगरला उतरून चालतच जाते. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच नको म्हटलं, "आधीच गर्दी आवरून नाही राहिली, तुम्ही अजून पाठवा." धंतोलीत वावर असेल तर वर्णनावरून ओळखालच.

आमचं काम आईच्या औषधाचं. तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, म्हणजे वयानुसार होणारी गुडघेदुखी नाही, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, सकाळी उठलं की बोटं तासभर वळत नाहीत. त्याला मेथोट्रेक्सेट चालू आहे, 15 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. पुन्हा लिहिते, आठवड्यातून एकदा. हीच गोळी कोणी चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात, इन्फेक्शन होतं आणि माणूस जाऊ शकतो, जगभर गेलेले आहेत. कारण हे औषध पेशी वाढायला लागतं ते फोलेटचं काम अडवतं, याचेच मोठे डोस कॅन्सरला देतात. युरोपच्या औषध नियामकांनी 2019 मधे याच गोंधळासाठी वेगळे नियम काढले, खोक्यावर ठळक सूचना, पेशंटजवळ कार्ड वगैरे. आपल्याकडे मात्र स्ट्रिप घरी येईपर्यंत खोकं दुकानातच राहिलेलं असतं, तेव्हा सगळी मदार काउंटरवरच्या माणसावर.

आणि काउंटरवरचा माणूस कसा असतो? आमच्या घराजवळ एक चकाचक दुकान आहे, एसी, बिलावर वीस टक्के सूट, घरपोच. तिथल्या पोराने आईच्या मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर पेनने सवयीने लिहिलं 1-0-0. म्हणजे रोज सकाळी एक! चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं असताना. आईला तिच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं म्हणून तिने तिथल्या तिथे ती स्ट्रिप परत सरकवली, पण एखाद्या गावाहून आलेल्या आजोबांनी त्या आकड्यांवरच विश्वास ठेवला असता ना, चिठ्ठीतलं इंग्रजी कोण वाचतं. तेव्हापासून वीस टक्क्यांना रामराम.

आता हे धंतोलीवालं दुकान. जुनं लाकडी काउंटर, मागे भिंतभर खण, एक काका आणि त्यांचा मुलगा, दोघेही फार्मसी शिकलेले. चिठ्ठी हातात घेतली की काका आधी चिठ्ठी नाही वाचत, समोरच्याकडे बघतात आणि विचारतात, "कोणत्या वारी घेऊन राहिले?" आई म्हणते, बुधवार. (हा बुधवार कसा ठरला तेही ऐका. मंगळवारी टेकडी गणपती, गुरुवारी गजानन महाराज, शनिवारी मारुती, या तिन्ही दिवशी तिचे उपास, रिकाम्या पोटी मळमळ नको म्हणून ठरला बुधवार, डॉक्टरही हसले आणि चिठ्ठीवर चक्क मराठीत बुधवार लिहून दिलं.) बरोबर उत्तर आलं की मग पुढचा प्रश्न, शेवटचं रक्त कधी तपासलं. ज्याला वार सांगता येत नाही किंवा जो सोबतच्या मुलाच्या तोंडाकडे बघतो त्याला काका स्टुलावर बसवतात, मागे लाइन कितीही असू द्या. मागचे लोक कुरकुर करतात, करू द्या.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं स्ट्रिप कापणं. तुम्ही म्हणाल यात काय आवडायचं. तं साधारण दुकानदार कात्रीने कचकन चार गोळ्या कापून देतो, नाव एक्स्पायरी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते आणि आपल्या डब्यात बिननावाचे चंदेरी तुकडे जमतात. हे काका नाव, मिलिग्रॅम आणि एक्स्पायरी असलेली बाजू पेशंटला देतात. मग ती कागदी पाकिटात, पाकिटावर लाल पेनने मोठ्या अक्षरात "फक्त बुधवार, 2 गोळ्या", आणि फोलिक ॲसिडच्या (फोलेटचंच गोळीतलं रूप) वेगळ्या पाकिटावर हिरव्या पेनने "शुक्रवार". फोलिक ॲसिड तोंड येणं, मळमळ, लिव्हरचा त्रास कमी करायला देतात, ते मेथोट्रेक्सेटच्या दिवशी नाही घेत, वेगळ्या दिवशी घेतात, कोणाला आठवड्यातून एकदा असतं कोणाला जास्त वेळा, ते डॉक्टर ठरवतात. हिंदीवाल्यांना हिंदीत लिहून देतात, आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी लाल-हिरवा रंग आहेच. एका वेळी चार आठवड्यांच्या वर गोळ्या देत नाहीत, मी खूप मागे लागले तरी नाही, "घरात जितक्या कमी तितकं बरं".

एकदा साडेसात मिलिग्रॅमची गोळी संपलेली होती. आईला साडेसातच्या दोन लागतात. दुसरं कोणी असतं तं म्हटलं असतं दहाची एक आणि पाचची एक घ्या, बेरीज तीच. काकांनी नाही दिलं. अडीच, पाच, दहा, सगळ्या बारक्या पिवळट गोळ्या, म्हाताऱ्या माणसाने दहाच्या दोन उचलल्या तर? संध्याकाळी गांधीबागेतल्या होलसेलवाल्याकडून मागवून ठेवली, मला परत एक चक्कर पडली, तेव्हा चिडले होते हे खरं आहे.

पण ज्या गोष्टीमुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती वेगळीच. आईला लघवीत जळजळ होऊन राहिली होती, आमच्या इकडच्या एका फॅमिली डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं, साधं सल्फावालं अँटिबायोटिक, वर्षानुवर्षं लोक घेतात. धंतोलीला गेलेच होते म्हणून तेही तिथेच घेऊ म्हटलं. काकांच्या मुलाने चिठ्ठी वाचली, गोळी काढायला वळला आणि थांबला. "काकूंची बुधवारवाली चालू आहे ना?" हो म्हटल्यावर त्याने गोळी काढलीच नाही. माझ्यासमोर फॅमिली डॉक्टरांना फोन लावला, अगदी अदबीने, "सर, पेशंट मेथोट्रेक्सेटवर आहेत, बदलून देता का काही?" ही दोन औषधं एकत्र झाली की बोन मॅरोवर (हाडांत रक्त बनतं ती जागा) दुहेरी मार बसतो, दोन्ही फोलेटच्याच वाटेवर बसतात, वरून किडनीतून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणंही कमी होतं. डॉक्टर भले माणूस, लगेच दुसरं सांगितलं. फॅमिली डॉक्टरांना आईच्या सगळ्या गोळ्या माहीत नव्हत्या, तिच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला जळजळ माहीत नव्हती, या दोन टोकांमधे बसलेला एकच माणूस होता ज्याला दोन्ही चिठ्ठ्या दिसल्या. डिस्काउंट दहा टक्के. उरलेले दहा टक्के याचे घ्या म्हणावं.

उन्हाळ्याचंही सांगते कारण आपल्याकडे ते महत्त्वाचं. नवतपात पारा 45 च्या आसपास, आईला जुलाब लागले, पाणी पोटात ठरेना. औषध किडनीतून बाहेर पडतं, शरीर सुकलं की ते आतच साचायला लागतं, म्हणून काकांनी मागच्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं की जुलाब, उलट्या, ताप असं काही असलं तर बुधवारची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनाने घेऊही नका आणि कायमची बंदही करू नका. डॉक्टरांनी त्या आठवड्याची थांबवायला सांगितली. ताप, घसा दुखणं, तोंडातले फोड, कोरडा खोकला अन् दम लागणं, या चार गोष्टी काकांनी पाकिटाच्या मागे लिहून दिल्या होत्या, ते पाकीट अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे. पेनकिलरचंही तसंच, स्वतःच्या मनाने काउंटरवरून मागितलं की डोळे वटारतात.

थोडं श्रेय आईच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टलाही जातं बरं का. सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्सरे, लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सगळं करून घेतलं, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त, मग हळूहळू तीन महिन्यांवर आणलं. आई वैतागायची, "रक्त काढून काढूनच मी जाईन." पण चांगली चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर आणि चांगली वाचणारा दुकानदार, दोन्ही लागतात.

आता तो दुसरा अर्धा मार्क. काकांचा आवाज. काउंटरवर चार माणसं उभी, एक लग्न झालेली पोरगी सोरायसिससाठी हीच गोळी घ्यायला आली, तं काका सगळ्यांच्या देखत, "घरात पाळणा हलवायचा विचार आहे का इतक्यात?" प्रश्न शंभर टक्के बरोबर, पोटातल्या बाळाला हे औषध फार वाईट, काही महिने आधी बंद करावं लागतं, गर्भनिरोधक चालू ठेवावं लागतं. पण ती बिचारी लाल झाली ना. बाजूला घेऊन विचारता येतं. मी नंतर मुलाला म्हटलं, तो म्हणे बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते जोरात बोलतात, ठीक आहे, तं हा प्रश्न तू विचारत जा.

आणखी एक दिसलं ते सांगते. एक दादा टोफासिटिनिब, म्हणजे संधिवाताचीच एक नवीन गोळी, मागायला आले, चिठ्ठी नाही, फोनमधे कोणाच्या तरी स्ट्रिपचा फोटो, भाच्याला फरक पडला म्हणून यांनाही हवी. आता ही गोळी जेनेरिकमधे मिळते, लोकांना वाटते नवीन म्हणजे भारी. मुलाने सरळ नाही म्हटलं, आधी टीबीची तपासणी लागते, नागिण उठू शकते, रक्ताच्या गाठींचा आणि हार्टचा धोका असतो, अमेरिकेच्या औषध नियामकांनी, एफडीएने, 2021 मधे त्यावर कडक वॉर्निंग टाकली. दादा तणतणत गेले, बहुतेक दुसरीकडे मिळालीही असेल.

काका गप्पिष्ट आहेत, गर्दी नसली तर येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्यावर अर्धा तास बोलतात, आंध्रचा माणूस अमेरिकेत जाऊन लेडर्ली लॅबमधे बसला आणि त्याच्या टीमने फोलिक ॲसिडही बनवलं अन् त्याला अडवणारी औषधंही, त्यातलंच हे मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला 1988 उजाडलं. ऐकायला मजा येते, पण गॅसवर दूध ठेवून आलेल्यांनी नादी लागू नये.

जायचं असेल तर चिठ्ठी ताजी न्या आणि शेवटचा ब्लड रिपोर्ट फोनमधे ठेवा, त्याशिवाय मेथोट्रेक्सेट देत नाहीत. यूपीआय चालतं, कार्ड नाही. दुपारी जेवायच्या वेळी शटर अर्धं असतं, खालून आवाज दिला तर मुलगा येतो, काका नाही. रविवारी बंद.